प्लग जुळला, पैसे अडले

म्युनिकहून सकाळी निघालेली मोटार दुपारच्या जेवणापर्यंत व्हेरोनाला पोहोचते. अंतर साधारण सव्वाचारशे किलोमीटर. वाटेत दोन सरहद्दी लागतात, पण तिन्ही देशांत युरोच चालतो आणि दक्षिणेकडे जाताना पासपोर्ट बघायला सहसा कोणी अडवत नाही. रस्त्याचे पैसे मात्र प्रत्येक देशात वेगळ्या तऱ्हेने द्यावे लागतात. जर्मनीत मोटारीला टोलच नाही. ऑस्ट्रियात इन नदीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या ए-१२ महामार्गासाठी ठरावीक मुदतीचा परवाना, म्हणजे व्हिन्येट, आधीच घेतलेला असावा लागतो. इन्सब्रुकपासून ब्रेनर घाट चढणाऱ्या ए-१३ वर ते व्हिन्येट चालत नाही. तिथे अकरा-बारा युरोंचा वेगळा टोल. घाटमाथ्यावरून इटलीत उतरलं की व्हिपितेनोच्या नाक्यावर तिकीट घ्यायचं आणि व्हेरोनाला महामार्ग सोडताना अंतराच्या हिशेबाने पैसे चुकते करायचे. गाडी विजेवरची असली, तर मधल्या थांब्यावर चार्जरवाल्याचं कार्ड किंवा ॲप हा आणखी एक जमाखर्च.

जर्मनी-नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या हे अंगवळणी पडलेलं असतं. ‘यंदा टूर कंपनी नको, आपणच गाडी घेऊन फिरू’ म्हणत पुण्या-मुंबईहून गेलेल्यांना ते विमानतळावर भाड्याच्या गाडीची किल्ली हातात पडल्यावर कळतं. या गोंधळाचं कारण विचारलं तर बहुतेक जण तंत्रज्ञानाकडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. तंत्र केव्हाच जुळलेलं आहे. प्लग एक झाला, चलन एक झालं, सरहद्दीवरचे दांडे उठले. अडलं ते ओळखीपाशी.

पेट्रोल पंपाने गिऱ्हाइकाला कधी नाव विचारलं नाही. टोलनाक्यानेही नाही. गाडी कुणाची, मालक कुठला, याच्याशी खिडकीतल्या माणसाला देणंघेणं नव्हतं. पैसे द्या आणि पुढे व्हा. गाड्यांच्या चार्जिंगचा धंदा मात्र सुरूच झाला सभासदत्वाने, आणि आता कायद्याच्या रेट्याखाली तो निनावी पैशांकडे सरकतो आहे. टोल नेमका उलट्या दिशेने निघाला आहे: निनावी रोखीकडून नंबरप्लेटच्या नोंदीकडे. परमुलखात गेलेला माणूस या दोन वाटांच्या मध्ये सापडतो. त्याच्यावर पडणारा जादा भुर्दंड पुष्कळदा अनोळखी असण्याचाच असतो.

आधी विजेचं बघू. २०१० नंतरच्या दशकात युरोपातले सार्वजनिक चार्जर मोठ्या प्रमाणात वीज कंपन्यांनीच उभे केले, आणि जर्मनीत तर शहरागणिक नगरपालिकेची स्वतःची वीज कंपनी असते. अशा कंपनीच्या लेखी गिऱ्हाईक म्हणजे ज्याच्या घरी मीटर आहे आणि ज्याच्या नावाने बिल निघतं तो माणूस. चार्जरवर जागच्या जागी पैसे घ्यायची सोय हवी, असं तिला वाटण्याचं कारणच नव्हतं. तिने सभासदांना प्लास्टिकचं कार्ड दिलं. ते टेकवलं की वीज सुरू, हिशेब महिनाअखेरीला. शेजारच्या शहरात ते कार्ड चालेना, तिथलं इथे चालेना. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याच्या पाकिटात कार्डांची चळत जमू लागली.

त्यावरचा उपाय मोबाइलच्या रोमिंगच्या धर्तीवर निघाला. २०१२ मध्ये बर्लिनमध्ये बीएमडब्ल्यू, डाइमलर, बॉश, सीमेन्स आणि ईएनबीडब्ल्यू, आरडब्ल्यूई या दोन वीज कंपन्यांनी मिळून ‘हबजेक्ट’ ही मध्यस्थ कंपनी काढली. फ्रान्समध्ये तशीच ‘जिरेव्ह’ आली. नेदरलँड्समधून ‘ओसीपीआय’ ही संगणकांनी आपसांत हिशेब कळवण्याची खुली पद्धत पुढे आली. आता चार्जर चालवणारा एक आणि कार्ड देणारा दुसरा, असे दोन धंदे झाले. तुम्ही इटलीतल्या चार्जरला जर्मन कार्ड टेकवलंत की चार्जरवाल्याचा सर्व्हर मधल्या दलालाला विचारतो, दलाल कार्डवाल्याला विचारतो, ‘हा माणूस आमचाच’ असं उत्तर उलट फिरून येतं आणि मग वीज सुटते. सगळं काही सेकंदांत.

सोय झाली, पण दराचा ठावठिकाणा राहिला नाही. या व्यवस्थेत गिऱ्हाइकाचा दर चार्जरवाला ठरवत नाही, कार्डवाला ठरवतो. एकाच ठिकाणी शेजारीशेजारी लागलेल्या तीन गाड्या तीन कार्डांवर तीन वेगळ्या दरांनी वीज घेतात, आणि कुणाला किती पडली ते खांबावर कुठेच लिहिलेलं नसतं. काही कार्डांवर दर युनिटचा असतो, काहींवर त्यात सुरुवातीची ठोक रक्कम, काहींवर गाडी जास्त वेळ अडवून ठेवल्याचा मिनिटाचा आकार. जर्मनीत ईएनबीडब्ल्यूच्या कार्डावर चार तासांनंतर मिनिटाला दहा सेंट असा आकार लागत आला आहे, कमाल बारा युरोंपर्यंत. रात्री हॉटेलसमोर गाडी लावून निवांत झोपलेल्याला तो सकाळी कळतो.

युरोपीय संघाने यात लक्ष घातलं नव्हतं असं नाही. २०१४ च्या निर्देशाने प्लगचा तंटा मिटवला: साध्या चार्जिंगला टाइप-२, जलद चार्जिंगला सीसीएस. त्याच निर्देशात असंही म्हटलं होतं की कुठलाही करार न करता, आलेल्या गाडीला वीज मिळाली पाहिजे. वाचायला स्पष्ट. पण पैसे कसे घ्यायचे ते निर्देशाने सांगितलं नव्हतं आणि कंपन्यांनी त्या फटीचा पुरेपूर उपयोग करून घेतला. खांबावर एक क्यूआर चिकटवला, तो स्कॅन केला की एक संकेतस्थळ उघडतं, तिथे ईमेल द्या, कार्डाचे सोळा आकडे भरा, अटी मान्य करा. झाला करार न करता व्यवहार. घाटात नेटवर्क नसताना, पावसात, मागच्या सीटवर भुकेलेली पोरं असताना हे करून बघावं. जगातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर जे होतं ते करायला हा उद्योग दहा वर्षं तयार नव्हता. कार्डयंत्र महाग पडतं, बिघडतं, ही त्यांची बाजू. खरं कारण मला वेगळं वाटतं: वाटसरूने पैसे देऊन निघून जावं यापेक्षा त्याने खातं उघडावं, हे त्यांना जास्त हवं होतं.

या खेचाखेचीत जुना हिशेबही कोलमडला. ‘आयोनिटी’ हे मोटार कंपन्यांनी २०१७ मध्ये भागीदारीत उभं केलेलं महामार्गांवरचं जलद चार्जिंगचं जाळं. सुरुवातीला तिथे एका वेळच्या चार्जिंगला आठ युरो असा ठोक दर होता. बॅटरी कितीही भरा. ३१ जानेवारी २०२० पासून तो दर युनिटमागे ७९ सेंट झाला. गाडी शंभर किलोमीटरला १८ युनिट खाते असं धरलं तर शंभर किलोमीटरला सव्वाचौदा युरो. शंभर किलोमीटरला सहा लिटर पिणारी डिझेलची गाडी लिटरला दीड ते पावणेदोन युरो भावाने नऊ ते साडेदहा युरोंत तेवढंच अंतर कापते. ज्यांनी मोटार कंपनीमार्फत वर्गणी भरली होती त्यांना आयोनिटीचा दर पुष्कळ कमी पडत होता. वाटसरूला मात्र वीज डिझेलपेक्षा महाग.

१३ एप्रिल २०२४ पासून चित्र बदलायला लागलं. त्या दिवशी २०२३ चा १८०४ क्रमांकाचा युरोपीय कायदा लागू झाला. निर्देश आणि हा कायदा यांतला फरक असा की निर्देश प्रत्येक देश आपापल्या पद्धतीने वळवून घेतो, हा कायदा सगळ्या सदस्य देशांत जसाच्या तसा लागू होतो. त्या तारखेनंतर उभ्या राहणाऱ्या ५० किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक सार्वजनिक चार्जरला बँकेचं कार्ड घेणारं यंत्र बंधनकारक झालं. लहान चार्जरला क्यूआरची सवलत राहिली. मोठ्या महामार्गांवरच्या जुन्या जलद चार्जरना १ जानेवारी २०२७ पर्यंतची मुदत आहे. मोठ्या चार्जरवर वाटसरूचा दर युनिटप्रमाणेच लावायचा आणि तो तिथेच दाखवायचा, हेही ठरलं. शिवाय युरोपच्या मुख्य महामार्गांवर दर साठ किलोमीटरला चार्जिंगचा थांबा; २०२५ अखेर तिथे एकूण ४०० किलोवॉट, २०२७ अखेर ६००.

ब्रिटन संघातून बाहेर पडलेलं असलं तरी त्याने स्वतःच्या नियमांनी जवळपास तीच वाट धरली. २४ नोव्हेंबर २०२४ पासून तिथल्या जलद चार्जरवर टॅप करून पैसे घेणं बंधनकारक आहे आणि सगळ्या सार्वजनिक चार्जरसाठी चोवीस तास फोन उचलणारा माणूस हवा. ही दुसरी अट मला पहिलीइतकीच मोलाची वाटते. ज्याचं पैशाचं यंत्र रात्री अकरा वाजता हट्टाला पेटतं, त्याला कायद्याच्या कलमापेक्षा माणसाचा आवाज हवा असतो.

आता नव्या जलद चार्जरवर कोणीही जाऊन कार्ड टेकवू शकतो, मग तक्रार कसली? दराची. वाटसरूला पैसे देण्याचा हक्क मिळाला, सभासदाचा भाव मिळाला नाही. दर वाजवी, पारदर्शक आणि भेदभाव नसलेला असावा असं कायदा म्हणतो. वाजवी म्हणजे किती, ते म्हणत नाही. जर्मनीत थेट कार्डाने घेतलेलं युनिट साठ ते ऐंशी सेंटच्या पट्ट्यात रेंगाळतं, तर महिन्याची वर्गणी भरणाऱ्याला तेच चाळीस-पन्नासच्या आसपास पडतं. मोठ्या सहलीत ४०० युनिट लागली तर हा फरक शंभर युरोंच्या घरात जातो. म्हणून माहीतगार माणसं विनोदी वाटणारी एक गोष्ट करतात: निघण्याआधी वाटेतल्या एखाद्या मोठ्या कंपनीची एका महिन्याची वर्गणी घेतात आणि परत आल्यावर बंद करतात. पाहुण्याने दोन आठवड्यांपुरतं स्थानिक व्हायचं. मात्र बंद करायला विसरलं की हीच युक्ती पुढच्या महिन्यापासून उलटते.

पोर्तुगालची गोष्ट निराळी, आणि या सगळ्यात मला सर्वांत रंजक वाटते. तिथे सरकारने आधीच ‘मोबी-ई’ नावाचं एकच राष्ट्रीय जाळं केलं. देशातला कुठलाही चार्जर कुठल्याही पुरवठादाराच्या कार्डावर चालायलाच हवा, हा नियम. जर्मनीत दहा वर्षं जे जमलं नाही ते इथे पहिल्यापासून जमलेलं. पण बिल बघितलं की चक्रावायला होई: विजेचे पैसे कार्डवाल्याचे, खांबाचा वापर चार्जरवाल्याचा, त्यावर वीजजाळ्याचा आकार, त्यावर कर. घरच्या नागरिकांसाठी आखीव-रेखीव असलेली ही रचना पाहुण्याला बंद दारासारखी, कारण पोर्तुगीज पुरवठादाराशी करार असल्याशिवाय सुरुवातच होत नसे. युरोपीय कायद्याशी तिचा मेळ बसेना आणि २०२५ मध्ये नव्या कायद्याने मोबी-ईशी जोडून घेण्याची सक्ती काढली. सर्वांना जोडणारी व्यवस्थासुद्धा बाहेरच्याला बाहेर ठेवू शकते, याचं इतकं सरळ उदाहरण दुसरं सापडत नाही.

दरम्यान वाहन उद्योगाने पुढची पायरी आखून ठेवली आहे. कार्डही नको, ॲपही नको. प्लग लावला की गाडीच आपली ओळख सांगते आणि पैसे खात्यातून जातात. याला आंतरराष्ट्रीय मानक आहे, गाड्यांमध्ये ते येऊही लागलं आहे. मालकाला हे सुखाचं. भाड्याच्या गाडीत ओळख कोणाची सांगितली जाणार? गाडीची, म्हणजे भाडे कंपनीची. तेव्हा कार्डयंत्र लावून निनावी गिऱ्हाइकाला जे दार उघडलं, ते पुढच्या पिढीच्या गाड्या पुन्हा ढकलून लावणार का, याकडे लक्ष ठेवायला हवं.

आता रस्त्याचं. युरोपात मोटारीकडून पैसे घेण्याच्या ढोबळमानाने दोन रीती: मुदतीवर आणि अंतरावर. फ्रान्स, इटली, क्रोएशिया अंतराप्रमाणे घेतात. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, हंगेरी, चेकिया मुदतीप्रमाणे.

स्वित्झर्लंडचा खाक्या सगळ्यांत साधा. वर्षाचे ४० फ्रँक, दुसरा पर्याय नाही. एका दिवसासाठी या, नाहीतर रोज गाडी चालवा. पाहुण्यावर हा अन्याय वाटेल, पण ४० हा आकडा १९९५ पासून हललेला नाही, कारण २०१३ च्या नोव्हेंबरात तो १०० करायचा सरकारचा प्रस्ताव नागरिकांनी मतदानात फेटाळला. स्वतःच्या खिशाची काळजी करणाऱ्या स्विस मतदारांनी जाता जाता परदेशी प्रवाशाचंही भलं केलं. १ ऑगस्ट २०२३ पासून काचेवर चिकटवायच्या कागदाला नंबरप्लेटवर नोंदणीचा पर्याय आला.

ऑस्ट्रियाच्या दरांत युरोपीय कायद्याची छाया स्पष्ट दिसते. २०२५ मध्ये वर्षाचं व्हिन्येट १०३ युरो ८० सेंट, दोन महिन्यांचं ३१.१०, दहा दिवसांचं १२.४०, एका दिवसाचं ९.३०. भागाकार करून बघा: तीस, बारा आणि नऊ टक्के, केसभराने खाली. २०२२ च्या सुधारित निर्देशाने अल्पमुदतीच्या परवान्यांवर या मर्यादा घातल्या, जेणेकरून पाहुण्याला फार लुबाडू नये. आणि ऑस्ट्रियाने दर मर्यादेच्या काठाला नेऊन टेकवले. एका दिवसाचं व्हिन्येटही याच निर्देशामुळे आलं. दहा दिवसांत आणि एका दिवसात फरक जेमतेम तीन युरोंचा, तेव्हा त्याचा फायदा नेमका कोणाला झाला ते वाचकाने ठरवावं.

याच ऑस्ट्रियात ग्राहकहक्कामुळे ग्राहकालाच गोत्यात आणणारा एक नियम होऊन बसला. ऑनलाइन घेतलेली वस्तू चौदा दिवसांत परत करण्याचा हक्क युरोपीय ग्राहकाला आहे. आज व्हिन्येट घेऊन, गाडी फिरवून, उद्या पैसे परत मागितले तर? म्हणून दीर्घ मुदतीचं डिजिटल व्हिन्येट ऑनलाइन घेतलं तर ते अठराव्या दिवसापासून लागू होतं. या फटीत दलालांची दुकानं उभी राहिली. सरकारी संकेतस्थळासारखंच रूप, वर ‘लगेच लागू’ची जाहिरात आणि किमतीत स्वतःचं कमिशन. शोधयंत्रात सरकारी पत्त्याच्याही वर जाहिरात म्हणून तेच झळकतात. बहुतेक ठिकाणी परवाना खरा मिळतो, पण जादा पैसे मोजून.

जर्मनीत मोटारीला टोल नाही, हे उदारपणाने घडलेलं नाही. २०१९ साली तो लागू करायची सगळी तयारी झाली होती, कंत्राटंही दिली गेली होती. त्यात मेख अशी होती की पैसे सगळ्यांनी भरायचे, पण जर्मन मालकाला तेवढीच सूट वाहनकरात मिळणार. म्हणजे शेवटी खिशात हात घालणार फक्त परदेशी. ऑस्ट्रिया न्यायालयात गेला आणि १८ जून २०१९ रोजी युरोपीय न्यायालयाने ती योजना राष्ट्रीयत्वावरून भेदभाव करणारी ठरवून रद्द केली. रद्द झालेल्या कंत्राटांपायी जर्मन सरकारला २०२३ मध्ये २४ कोटी ३० लाख युरो भरपाई द्यावी लागली. पाहुण्याकडून पैसे काढण्याच्या नादात घरच्या करदात्याने ते भरले. म्युनिक–व्हेरोना प्रवासाचा पहिला टप्पा फुकट पडतो, तो या निकालाच्या कृपेने.

टोलनाके उठू लागले तसा प्रश्न आणखी वाकडा झाला. नाका असतो तोवर परदेशी माणूस निदान थांबतो, विचारतो, पैसे देतो. नाका गेला की वर फक्त कॅमेरे उरतात. पॅरिसहून नॉर्मंडीकडे जाणाऱ्या ए-१३ आणि ए-१४ रस्त्यांवर २०२४ पासून दांडे नाहीत. गाडी भरधाव निघून जाते आणि ७२ तासांच्या आत आपण होऊन पैसे भरायचे असतात. गावातल्या माणसाला हे माहीत असतं. परदेशी माणसाला फलक दिसतो, पण तो फ्रेंच आणि गाडीचा वेग ताशी १३०. लंडनच्या पूर्वेला टेम्स ओलांडणाऱ्या डार्टफर्डच्या पुलावर आणि बोगद्यांत हे २०१४ पासून आहे. दुसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत पैसे भरायचे, नाहीतर दंडाचं पत्र. १ सप्टेंबर २०२५ पासून तिथला दर अडीच पौंडांवरून साडेतीन पौंड झाला.

पोर्तुगालने टोलच्या बाबतीत मात्र पाहुण्याचा विचार केला होता. कॅमेऱ्यांवर चालणाऱ्या रस्त्यांसाठी सरहद्दीवरच यंत्रं बसवली: कार्ड आत घाला, यंत्र नंबरप्लेटचा फोटो काढून दोन्हींची गाठ मारतं, पुढचे तीस दिवस टोल आपोआप कापला जातो. नोंदणीची कटकट नाही, भाषा येण्याची गरज नाही. त्यातल्या अनेक रस्त्यांवरचा टोलच १ जानेवारी २०२५ पासून उठला. चांगली सोय आणि तिची गरज एकाच वेळी ओसरावी, असं क्वचितच घडतं.

नॉर्वेत नाक्यांचा इतिहास मोठा आहे. बर्गन शहराने १९८६ मध्ये शहराभोवती टोलचं कडं घातलं, मग ऑस्लोने १९९०, ट्रॉन्हाइमने १९९१ मध्ये. आज थांबायचं कुठेच नाही. काचेवर टॅग असेल तर त्यावरून, नसेल तर नंबरप्लेटवरून बिल घरी येतं. परदेशी गाडीलाही, आणि ते पाठवल्याबद्दल जादा पैसे न लावता. नॉर्वेत परदेशी प्रवाशाला गुन्हेगार न मानता उधारीवरचं गिऱ्हाईक मानलं जातं, हे मला फार आवडतं. तरी सवलत इथेही ओळखीच्याच पदरात. टॅगवाल्या हलक्या गाडीला वीस टक्के सूट, आणि विजेच्या गाडीचा कमी दर हवा तर करार आणि टॅग दोन्ही हवेत. २०२४ मध्ये ज्या देशात विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी ८८.९ टक्के विजेच्या होत्या, तिथे विजेची परदेशी गाडी टॅग नसेल तर पेट्रोलच्या दराने टोल भरते.

एका टॅगवर सगळा युरोप, हे स्वप्न जुनं आहे. २००४ मध्ये त्यासाठी निर्देश झाला, २००९ मध्ये वेळापत्रक ठरलं: ट्रकना तीन वर्षांत, मोटारींना पाच वर्षांत. ट्रकवाल्यांना ती सेवा उशिरा का होईना मिळाली, कारण एक ट्रक वर्षाला हजारो युरो टोल भरतो आणि त्याच्यासाठी धावायला कंपन्या तयार असतात. सुट्टीत एकदा इटलीला जाणाऱ्या मोटारीसाठी कोण धावणार? तरी फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल आणि इटली एवढे देश एका टॅगवर करता येतात, आणि युरोपात राहणाऱ्याला तो घेऊन ठेवणं परवडतं. दोन आठवड्यांच्या पाहुण्याकडे टॅग पोस्टाने येण्यासाठी पत्ताच नसतो.

वसुलीचंही तसंच. पैसे न भरता निघून गेलेल्या परदेशी गाडीचा मालक शोधायला दुसऱ्या देशाच्या नोंदवहीत डोकवावं लागतं. २०१९ च्या निर्देशाने युरोपीय संघात टोलपुरती ती वाट उघडली. संघाबाहेर पडलेल्या ब्रिटनचं मात्र अवघड झालं. लंडनच्या कमी उत्सर्जन क्षेत्रात परदेशी गाडीने, ती नियमात बसत असली तरी, आधी नाव नोंदवायचं असतं. न नोंदवलेली गाडी यंत्रणेला ओळखू येत नाही. २०२४ च्या सुरुवातीला युरोपातल्या मोटारमालकांना गेलेल्या दंडांचं प्रकरण तिथल्या वर्तमानपत्रांत गाजलं. काही मोटारींना अवजड डिझेल वाहन समजून दंड ठोकल्याच्या तक्रारी होत्या, आणि मालकांचे पत्ते कायदेशीर मार्गाने मिळाले का, यावर वेगळा वाद. त्याच शहरात २ जानेवारी २०२६ पासून मध्यवर्ती भागात शिरण्याचा दर दिवसाला १८ पौंड झाला आणि विजेच्या मोटारींची पूर्ण माफी संपली. आता त्यांना पंचवीस टक्के सूट आहे, पण स्वयंचलित खातं असेल तरच.

भाड्याची गाडी घेतली की या सगळ्यावर आणखी एक थर चढतो. नंबरप्लेट कंपनीची, त्यामुळे बिल किंवा दंड आधी तिच्याकडे जातो. ती तुमचं नाव-पत्ता कळवते आणि त्या कामाचं शुल्क तुमच्या क्रेडिट कार्डावर टाकते. कधीकधी टोल तीन युरोंचा आणि शुल्क त्याच्या दसपट. हे शुल्क करारात बारीक अक्षरात असतंच. तेव्हा काउंटरवर विम्याच्या गप्पा चालू असतानाच दोन गोष्टी विचाराव्यात: या गाडीला कुठल्या देशाचं व्हिन्येट किंवा टॅग आहे, आणि चार्जिंगचं कार्ड सोबत आहे का, असल्यास त्याचा दर काय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काउंटरवरच्या माणसाला पुष्कळदा ठाऊक नसतं. तरी विचारावा.

भारतातून जाणाऱ्याच्या अडचणी थोड्या वेगळ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या आदेशापासून नवं कार्ड परदेशी व्यवहारांसाठी मुळात बंद असतं. ते आणि टॅप करण्याची सोय निघण्याआधी बँकेच्या ॲपमधून चालू करावी लागते. चार्जरला आधी कळत नाही की तुम्ही किती वीज घेणार, म्हणून तो काही रक्कम अडवून ठेवतो आणि चार्जिंग संपल्यावर खरी रक्कम कापतो. उरलेली सुटायला दिवस लागतात. आगाऊ पैसे भरलेल्या फॉरेक्स कार्डावर अशा तीन-चार रकमा अडकल्या की शिल्लक असूनही जेवणाचे पैसे देता येत नाहीत. क्रेडिट कार्डावर हे जाणवत नाही. यंत्राने ‘रुपयांत पैसे देणार का?’ विचारलं तर नाही म्हणावं. तो प्रश्न आपुलकीने विचारलेला नसतो, त्यात विनिमयाचा वाईट दर दडलेला असतो. चार्जिंगची काही ॲप भारतीय खात्याच्या ॲपस्टोअरमध्ये दिसतच नाहीत, आणि ओटीपी येतो तो घरच्या सिमवर.

आणि क्यूआर जपून. चार्जरवरच्या खऱ्या क्यूआरवर खोटा चिकटवून कार्डाचे तपशील चोरण्याचे प्रकार युरोपात झाले आहेत. अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये एफबीआयने थकलेल्या टोलच्या खोट्या संदेशांबद्दल लोकांना सावध केलं होतं. नाका गेल्यामुळे पैसे भरले की नाही याची खात्री वाहनचालकाला स्वतःलाच नसते, आणि भामटे नेमक्या त्या शंकेवर जगतात.

हे वाचताना आपल्याकडच्या वाचकाला फास्टॅग आठवणारच. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून तो राष्ट्रीय महामार्गांवर सक्तीचा झाला, १ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्राने राज्याच्या नाक्यांवरही केला. कोल्हापूरची गाडी त्याच टॅगवर कर्नाटक, आंध्र, ओडिशा ओलांडून कोलकात्याला जाते. युरोपने २००४ मध्ये जे ठरवलं ते इथे झालं, कारण हिशेब ठेवणारी संस्था एकच आणि सरकारही एकच. टॅग नसलेल्याचं दार आपणही पूर्ण लावलं नाही. आधी त्याला दुप्पट भरावं लागे. १५ नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने दिले तर सव्वापट, रोखीत दुप्पट असं ठरलं. अनोळखी असण्याची किंमत इतकी उघडपणे सरकारी आदेशात लिहिलेली जगात फार ठिकाणी सापडणार नाही. आणि चार्जिंगमध्ये आपण युरोपच्या दहा वर्षांपूर्वीच्या पायरीवर आहोत: कंपनीगणिक ॲप, प्रत्येकात आगाऊ भरलेले आणि अडकलेले शंभर-दोनशे रुपये. सगळ्यांसाठी एकच ॲप भेलकडून करून घेण्याचा विचार केंद्राने २०२५ मध्ये बोलून दाखवला आहे. चार्जरवर कोणत्याही ॲपशिवाय, साध्या यूपीआयने पैसे घ्या, असा नियम त्याहून सोपा पडेल असं मला वाटतं.

फ्रान्समध्ये ए-१३ चे दांडे उठले तेव्हा ज्यांच्याकडे टॅग नाही, ज्यांना संकेतस्थळावर कार्डाचे आकडे भरायचे नाहीत, त्यांच्यासाठी एक वाट ठेवली गेली. गावातल्या तंबाखूच्या दुकानात जायचं, गाडीचा नंबर सांगायचा आणि रोख पैसे मोजायचे. खातं नाही, ईमेल नाही. चार्जरवाल्यांनी कार्डयंत्रासाठी दहा वर्षं आणि एक कायदा घेतला. टोलवाल्यांचं काम सिगारेट विकणाऱ्या दुकानदाराने गल्ल्यावर बसल्या बसल्या करून टाकलं.